दानवे विरुद्ध दानवे : भोकरदनच्या खुर्चीची गोष्ट

बाहेरगावचा पाहुणा निवडणुकीच्या निकालादिवशी आमच्याकडं आला तर त्याची फजिती ठरलेली.
"कोण आलं निवडून?"
"दानवे."
"आन पडलं कोण?"
"दानवे."
पाहुण्याला वाटतं आपली थट्टा चाललीय. थट्टा नाही. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४, भोकरदन विधानसभेच्या सलग चार निवडणुकांत पहिल्या नंबरलाही दानवे आणि दुसऱ्या नंबरलाही दानवे. आडनाव एक, घरं दोन, पक्ष दोन.

ही पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. लिहायला बसलो कारण पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात परवा एक पोरगं मोठ्या ठसक्यात सांगत होतं की, "आपल्याकडं कमळ आणलं ते रावसाहेबांनी, त्याच्या आधी सगळी काँग्रेसच होती." पोरगं हुशार आहे, काट्यावर उभा राहून मोबाईलवर दिल्लीचा भाव बघतं. पण त्याला पुंडलिक हरी दानवे हे नावच माहीत नव्हतं. आपल्याच तालुक्यातून दोनदा खासदार झालेला माणूस आपल्याच पोरांना माहीत नसावा, हे काही बरं नाही. म्हणून हा पसारा.

तर सुरुवात लांबून करू. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापारी शहर, वगैरे आपण सगळे शाळेत ऐकलेलं. ते सोडून देऊ. मतपेटीची गोष्ट १९५२ पासून सुरू होते. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलेलं, पण मराठवाडा अजून हैदराबादलाच बांधलेला. त्या पहिल्या निवडणुकीत जालना नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता, अंबड नावाचा होता. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ ला जालन्याचं नाव लोकसभेच्या यादीत लागलं.

त्या १९५७ मध्ये जालन्यातून निवडून कोण आलं? सैफ तय्यबजी. मुंबईचे कायदेपंडित, बद्रुद्दीन तय्यबजींच्या घराण्यातले. बद्रुद्दीन तय्यबजी म्हणजे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष. आज कुणी म्हणालं की जालन्यातून मुंबईचा मुसलमान वकील निवडून आणू, तर लोक त्याला वेड्यात काढतील. तेव्हा निवडून आला. त्या साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला पळता भुई थोडी केली होती, पण मराठवाडा काँग्रेसच्या मागं उभा राहिला, त्यातली ही जागा. तय्यबजी मात्र थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणूक लागली आणि जागा गेली शेतकरी कामगार पक्षाच्या घारेंकडं. म्हणजे बघा, पहिल्या फेरीत मुंबईचा सॉलिसिटर आणि लगेच दुसऱ्या फेरीत लाल बावटा. जालना हा कुणाचाही "बालेकिल्ला" जन्मतः नव्हता. हा शब्द आपल्या पत्रकारांनी फार स्वस्त केलाय.

साठचं दशक काँग्रेसचं गेलं, १९७१ ला बाबुराव काळे. त्यावर फार थांबत नाही, कारण देशभर जे चाललं होतं तेच इथं चाललं होतं. थांबायचं ते १९७७ ला.

आणीबाणी उठली, निवडणूक लागली. जनता पक्षाचं चिन्ह होतं नांगरधारी शेतकरी. जालन्यातून उभे राहिले पुंडलिक हरी दानवे. जनसंघाच्या मुशीतला माणूस, आपल्या भोकरदन तालुक्यातला. आता जनसंघ म्हटलं की तेव्हा लोकांच्या डोळ्यापुढं यायचं ते शहरातलं वातावरण, व्यापारी पेठ, शाखा. खेड्यातला कुणबी-मराठा शेतकरी आणि जनसंघ ही जोडी तेव्हा पटायची नाही. पुंडलिक हरींनी ती जमवून दाखवली. ते निवडून आले. म्हणजे कमळ हे चिन्ह जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा त्या विचाराचा खासदार आपल्या तालुक्यानं दिल्लीला धाडला होता. (भाजपची स्थापनाच १९८० ची.) बाजारातल्या त्या पोराला हेच सांगायचं होतं.

१९८० ला इंदिराबाई परत आल्या आणि जालन्यात काँग्रेसचे बाळासाहेब पवार आले. १९८४ लाही तेच. मधल्या काळात, १ मे १९८१ ला, आपला जिल्हा वेगळा झाला. तोवर भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आला, झेडपी आली, जिल्हा बँकेवरून राजकारण आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तालुक्यातल्या पुढाऱ्याला मोठं व्हायला जागा मिळाली. औरंगाबाद जिल्ह्यात भोकरदन कोपऱ्यात पडलेलं होतं. पाच-सात तालुक्यांच्या जालना जिल्ह्यात ते एकदम पहिल्या रांगेत आलं. मला वाटतं पुढच्या पन्नास वर्षांचं निम्मं गणित या एका निर्णयात आहे, पण यावर कुणी बोलत नाही.

१९८९. मराठवाड्यात शिवसेनेचं वारं शिरलेलं, सेना-भाजप युती झालेली. औरंगाबादेतून मोरेश्वर सावे गेले, जालन्यातून पुन्हा पुंडलिक हरी दानवे, या वेळी कमळावर. पण ती लोकसभा दीड वर्षही टिकली नाही. १९९१ ला पुन्हा निवडणूक, आणि काँग्रेसच्या अंकुशराव टोपेंनी जागा घेतली.

इथं थोडं थांबतो, कारण टोपे आणि दानवे हा नुसता पक्षांचा फरक नाही, पाण्याचा फरक आहे. जिल्ह्याचा दक्षिण भाग, अंबड-घनसावंगी, हा गोदाकाठ. जायकवाडीचा डावा कालवा तिथून जातो. कालवा आला की ऊस येतो, ऊस आला की कारखाना, कारखाना आला की शिक्षण संस्था, आणि या सगळ्याच्या वर एक घर बसतं. टोपेंचं राजकारण त्या जमिनीत रुजलेलं. आपला उत्तर भाग, भोकरदन-जाफराबाद, हा पूर्णेच्या खोऱ्यातला. केळना, जुई, गिरजा अशा पावसाळी नद्या. मोठा कालवा नाही. जुईचं धरण भरलं तर भोकरदनला नळाला पाणी, नाही तर टँकर. इथला शेतकरी कापूस, मका, सोयाबीन, आणि ज्याच्या विहिरीला मे महिन्यात थोडं पाणी असेल तो मिरची. अशा मुलखात कारखान्याच्या चेअरमनच्या शब्दावर गाव मत देत नाही. इथं माणूस जोडावा लागतो, लग्नाला जावं लागतं, मयतीला त्याहून आधी जावं लागतं. भाजपला मराठवाड्याच्या खेड्यात पाय ठेवायला जागा मिळाली ती अशा कोरडवाहू पट्ट्यात. पुढं रावसाहेबांनीही सिपोरा बाजारला रामेश्वर सहकारी साखर कारखाना काढलाच, म्हणजे शेवटी सगळे त्याच वाटेनं जातात. पण तो नंतर. आधी माणसं, मग कारखाना. टोपेंकडं आधी कालवा होता.

आता रावसाहेब. जवखेड्याचे. गावपातळीवरून सुरुवात केलेला माणूस. १९९० ला भोकरदनचे आमदार, १९९५ ला पुन्हा. त्यांची बोली, त्यांची कोपरखळी, भाषणात मध्येच येणारा शेताचा दाखला, हे सगळं आपल्याला माहीत आहे. विरोधकांनाही हसू आवरत नाही. मुंबईच्या पत्रकारांना ते गावंढळ वाटायचं, आपल्याला ते आपल्या चावडीवरचं वाटायचं. यात त्यांचं निम्मं यश आहे.

पण लोकसभा त्यांच्याकडं कशी आली हे बघण्यासारखं आहे. १९९६ आणि १९९८ ला जालन्यातून भाजपचेच उत्तमसिंह पवार निवडून आले होते. दोनदा जिंकलेला, म्हणजे चांगला चालता खासदार. १९९९ ला लोकसभा-विधानसभा एकत्र लागल्या आणि पक्षानं तिकीट दिलं रावसाहेबांना. पवार पुढं काँग्रेसमध्ये गेले. म्हणजे मतदारांनी ज्याला पाडलं नाही, त्याला पक्षानं घरी बसवलं.

हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत त्यांच्या खालच्या सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, आणि तिथं विद्यमान खासदाराचं तिकीट कुणी पक्षाध्यक्ष खोलीत बसून कापू शकत नाही. त्याला हटवायचं तर त्याच्याच पक्षाच्या मतदारांसमोर, प्राथमिक निवडणुकीत, हरवावं लागतं. त्याचा उलटा परिणाम असा की तिथं एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही. उभे राहिलेल्या विद्यमानांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पुन्हा निवडून येतात. आपल्याकडं विद्यमानाला दोन परीक्षा. पहिली मुंबई-दिल्लीत, बंद दाराआड, तिचा पेपर कुणाला दिसत नाही. दुसरी आपल्यासमोर. रावसाहेबांनी पहिली परीक्षा १९९९ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा पास केली. त्यातल्या पाच वेळा दुसरीही.

पण घर सोडून दिल्लीला गेलं की घराला कुलूप कोण लावणार? रावसाहेब खासदार झाले आणि काही वर्षांतच भोकरदनची विधानसभा हातातून निसटली. कुणाकडं? राष्ट्रवादीच्या चंद्रकांत दानवेंकडं. हे पुंडलिक हरींचे चिरंजीव. म्हणजे ज्या घरानं या भागात जनसंघ-भाजपचा पाया घातला, त्या घरातला मुलगा घड्याळावर, आणि त्या पायावर इमारत बांधणारे दुसरे दानवे कमळावर. आपल्या राजकारणात विचारधारा किती आणि भाऊबंदकी किती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी दोन्ही घरांत चहा प्यालेला माणूस आहे, मला त्यात ओढू नका.

२००४ ला चंद्रकांत दानवे, २००९ लाही चंद्रकांत दानवे. आणि २००९ हे साल नीट बघा, कारण रावसाहेबांच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड साल हेच होतं. त्या वर्षी मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. जालना लोकसभेत जालना जिल्ह्याचे तीनच विधानसभा मतदारसंघ उरले, जालना, बदनापूर आणि भोकरदन. उरलेले तीन, म्हणजे सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण, औरंगाबाद जिल्ह्यातले. आपल्या जिल्ह्याचे परतूर आणि घनसावंगी गेले परभणीला. नाव जालना, पण अर्धा मतदारसंघ शेजारचा. काँग्रेसनं हे ओळखून फुलंब्री पट्ट्यातले कल्याण काळे उभे केले. निकाल लागला तेव्हा रावसाहेब वाचले ते ८,४८२ मतांनी. सहा विधानसभांच्या मतदारसंघात साडेआठ हजार म्हणजे काहीच नाही, एकेका गटातली मतं आहेत ती.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेला भाजपनं भोकरदनमध्ये उमेदवारी दिली निर्मलाताई दानवे यांना, रावसाहेबांच्या पत्नीला. समोर चंद्रकांत. ताई थोडक्यात पडल्या. तिकडं लोकसभेला हरलेले कल्याण काळे त्याच ऑक्टोबरात फुलंब्रीतून आमदार झाले, तेही हरिभाऊ बागडेंना हरवून. मे महिन्यात जिंकलेल्याच्या घरात दिवाळीला हार आणि हरलेल्याच्या घरात गुलाल.

मग २०१४ आलं. मोदी लाट म्हणा, आघाडी सरकारचा कंटाळा म्हणा. काँग्रेसचे विलास औताडे समोर होते, रावसाहेब दोन लाखांवर मतांनी आले. केंद्रात राज्यमंत्री झाले, २०१५ च्या जानेवारीत प्रदेशाध्यक्ष. भोकरदनला संतोष दानवे उभे राहिले, रावसाहेबांचे चिरंजीव, आणि त्यांनी चंद्रकांत दानवेंना सहा-सात हजारांनी पाडलं. मुलगा विरुद्ध मुलगा. खुर्ची परत घरी आली.

२०१७ मधलं तुरीचं प्रकरण आठवत असेल. खरेदी केंद्रावर तुरीच्या थप्प्या, बारदाना नाही, मापं होत नाहीत, आणि त्यात प्रदेशाध्यक्षांच्या तोंडून शेतकऱ्यांबद्दल जे निघालं ते निघालं. नंतर दिलगिरी व्यक्त झाली. तेव्हा सगळे म्हणाले, आता संपलं. कुठलं काय. २०१९ ला रावसाहेबांना ६,९८,०१९ मतं आणि औताडेंना ३,६५,२०४. तीन लाख बत्तीस हजारांचा फरक. त्याच्या आधी शिवसेनेचे अर्जुन खोतकर महिनाभर "मी लढणार" म्हणून दंड थोपटत होते, ते समजुतीनं शांत झाले. विधानसभेलाही संतोष दानवे बत्तीस हजारांवर मतांनी आले. या निकालानंतर जालना म्हणजे दानवेंचा सातबारा असं लोक बोलायला लागले.

पण त्याच २०१९ ला शेजारी जे घडलं ते विसरू नका, पुढं उपयोगी पडेल. औरंगाबादेत शिवसेनेचे चंद्रकांत खैरे चार वेळचे खासदार. तिथं अपक्ष उभे राहिले हर्षवर्धन जाधव, रावसाहेबांचे जावई. जाधवांनी दोन लाख ८३ हजारांवर मतं घेतली आणि खैरे ४,४९२ मतांनी इम्तियाज जलील यांच्याकडून हरले. खैरेंनी जाहीर आरोप केला की रावसाहेबांनी जावयाला आतून मदत केली. रावसाहेबांनी तो मान्य केला नाही. खरं-खोटं त्यांना ठाऊक. मुद्दा एवढाच की एक तगडा अपक्ष विद्यमान खासदाराला कसा घरी बसवतो, हे चित्र सगळ्यांनी जवळून बघितलं होतं.

आता २०२४.

१ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि जालना जिल्हा देशाच्या बातम्यांत आला. मनोज जरांगे पाटलांचं आंदोलन इथल्या प्रत्येक गावात पोचलं. पुढाऱ्यांना गावबंदीचे बोर्ड लागले. त्याच वातावरणात फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे अपक्ष उभे राहिले. विहिरीच्या मंजुरीला पैसे मागतात म्हणून पंचायत समितीसमोर नोटा उधळणारे, आरक्षणासाठी स्वतःची गाडी पेटवणारे, ते हेच. हातात ना पक्ष, ना पैसा. १३ मे ला मतदान झालं, ४ जूनला पेट्या उघडल्या. कल्याण काळे ६,०७,८९७. रावसाहेब दानवे ४,९७,९३९. मंगेश साबळे १,५५,९३०.

त्या दिवसापासून एक हिशेब सगळ्या ग्रुपवर फिरतोय : साबळेंची दीड लाख मतं रावसाहेबांना पडली असती तर ते आले असते. कागदावर बरोबर, कारण हार १,०९,९५८ मतांची. पण हा हिशेब अर्धाच आहे. दुसरा अर्धा करा. २०१९ च्या तुलनेत रावसाहेबांची मतं किती घटली? दोन लाख. काँग्रेसची किती वाढली? २ लाख ४२ हजारांवर. म्हणजे साबळे नसते तरी जी मतं सरळ उठून पंजावर गेली ती परत कमळावर आली असती, असं मानायला काही आधार नाही. काही मतं वंचितकडून काँग्रेसकडं आली. वंचितची २०१९ ला पाऊण लाखाच्या पुढं असलेली मतं या वेळी निम्म्यावर आली. मुस्लिम मतं एकगठ्ठा गेली. कांदा, सोयाबीन आणि कापसाच्या भावानं शेतकरी कावलेला होताच. आणि सिल्लोडात महायुतीच्याच अब्दुल सत्तारांनी काम केलं नाही, हे रावसाहेबांच्या गोटातून उघड बोललं गेलं. साबळेंना पडलेलं मत हे मला तरी दानवेंचं चोरलेलं मत वाटत नाही. ज्याला दानवेही नको होते आणि काँग्रेसही नको होती त्याचं ते मत होतं. तो मतदार आधी दानवेंना मत द्यायचा, कारण तिसरं कुणी समोर नव्हतं.

अजून एक. काळे म्हणजे काही नवा चेहरा नव्हता. २००९ ला लोकसभेला साडेआठ हजारांनी पडलेले, मग फुलंब्रीत २०१४ आणि २०१९ ला बागडेंकडून पडलेले. पंधरा वर्षं पडत-उठत राहिलेला माणूस. जालन्यात १९९१ नंतर, म्हणजे ३३ वर्षांनी, काँग्रेसचा खासदार झाला. लोकांनी त्यांना जिंकवलं की रावसाहेबांना हरवलं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातले बहुतेक दुसरं म्हणाले. काळेंना हे ऐकायला आवडणार नाही, पण त्यांनी ऐकून ठेवावं.

आणि मग नोव्हेंबर. सहाच महिन्यांत त्याच मतदारांनी सहाच्या सहा विधानसभा महायुतीला दिल्या. भोकरदनला संतोष दानवे तिसऱ्यांदा आले, चंद्रकांत दानवेंविरुद्धच, तेवीस हजारांच्या आसपास. बदनापूरला नारायण कुचे, सिल्लोडला सत्तार, पण फक्त २,४२० मतांनी. फुलंब्रीत अनुराधा चव्हाण, आणि त्यांच्यासमोर हरले ते पुन्हा आपले विलास औताडे. पैठणला विलास भुमरे. जालन्यात खोतकर. जालना शहराची तर वेगळीच तऱ्हा आहे. १९९९ पासून एकदा गोरंट्याल, एकदा खोतकर, एकदा गोरंट्याल, एकदा खोतकर, पाळीपाळीनं. २०१४ ला तर खोतकर २९६ मतांनी आले होते. तिथं विद्यमान असणं हाच सगळ्यात मोठा धोका.

शेजारच्या कन्नडला रावसाहेबांच्या कन्या संजना जाधव शिवसेनेकडून आमदार झाल्या, आणि दुसऱ्या नंबरला होते हर्षवर्धन जाधव. म्हणजे बाप जूनमध्ये हरला आणि नोव्हेंबरात मुलगा-मुलगी दोघंही सभागृहात. लाडकी बहीण म्हणा, जातीची नवी मोट म्हणा, संघटना म्हणा, कारणं सगळे सांगतात. मला त्यात एक गोष्ट दिसते. आपला मतदार खासदार आणि आमदार वेगवेगळ्या तराजूत तोलतो. खासदाराच्या मतात तो दिल्लीवरचा राग काढतो. आमदाराच्या मतात तो डीपी, रस्ता, पोलीस स्टेशन आणि तहसीलचं काम बघतो.

आता मूळ दुखण्यावर येतो. १९७७ ते २०२४ या ४७ वर्षांत साधारण अठ्ठावीस वर्षं आपल्या भोकरदन तालुक्यातला माणूस लोकसभेत होता. दोन दानवे मिळून. महाराष्ट्रात असे तालुके फार नसतील. त्यात एक केंद्रात मंत्री, आणि २०२१ पासून रेल्वेचा राज्यमंत्री. मिळालं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर जालन्याला मिळालं. ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५ ला झालं, रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं, ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुटली. या गोष्टी नाकारणारा खोटं बोलतो. पण भोकरदन तालुक्यात आजही रेल्वेचा रूळ नाही. रेल्वेचा मंत्री ज्या तालुक्यातला, त्या तालुक्यातला माणूस वंदे भारत बघायला एसटीनं जालन्याला जातो. आणि जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा मार्ग, जो भोकरदन, सिल्लोड, अजिंठ्यावरून जायचा आहे, त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ९ ऑगस्ट २०२४ ला. सात हजार कोटींवरचा प्रकल्प. तारीख बघा. रावसाहेब हरले ४ जूनला. पाठपुरावा त्यांनीच केला होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील, पण मंजुरीच्या दिवशी ते माजी होते आणि विद्यमान खासदार विरोधी बाकावर. मंजुरी तीन महिने आधी आली असती तर निकाल फिरला असता का? मला वाटत नाही. एक लाख दहा हजार हा रुळाच्या बातमीनं भरून निघणारा खड्डा नव्हता.

आपल्या पिंपळगावची मिरची दिल्लीला जाते, गुजरातला जाते. संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, गाड्या भरल्या की रात्रीच निघतात. सगळं डांबरी रस्त्यावरून, डिझेलवर, आणि ते भाडं शेवटी निघतं शेतकऱ्याच्या भावातून. मिरची एक दिवस थांबली की तिचा देठ काळा पडतो. रेल्वेचा प्रश्न आपल्याला एवढ्यासाठी आहे, सेल्फी काढायला नाही.

आणि खासदार-आमदाराच्या या सगळ्या धामधुमीत खालचं घर रिकामं झालं, त्याकडं कुणाचं लक्ष नाही. जालना जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. तेव्हापासून वर्षांमागून वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती. आरक्षणाचा वाद, कोर्ट, प्रभागरचना. आपल्या गटाचा सदस्य कोण, हे विचारलं तर उत्तर "माजी" असं येतं. रावसाहेब काय आणि इतर कोण काय, सगळे गावच्या आणि पंचायत समितीच्या पायरीवरूनच वर गेले. ती पायरीच काढून घेतली तर पुढचा माणूस कुठून येणार? पुढाऱ्यांच्या घरातूनच येणार, दुसरीकडून यायला रस्ताच नाही. मंगेश साबळे सरपंच होते म्हणून दिसले तरी.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. १९५७ पासून जालन्याला एकही महिला खासदार मिळालेली नाही. भोकरदनमध्ये बाईचं नाव थेट लढतीत आलं ते २००९ ला, निर्मलाताईंचं, आणि तेही घरची जागा परत मिळवायची म्हणून. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली आहे. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाली की लोकसभा-विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांना राखीव होणार. म्हणजे आज जे नकाशे आहेत ते राहणार नाहीत. सिल्लोड-पैठण आपल्यात राहतील की परतूर-घनसावंगी परत येतील, सांगता येत नाही. आणि उद्या भोकरदनची जागा महिलांसाठी निघाली, तर दोन्ही घरांत कुणाची नावं चर्चेत येतील ते तुम्हाला-मला माहीत आहे. त्यांच्याशिवाय तिसरं नाव कुणाला सुचत असेल, तर आजच कमेंटमध्ये लिहून ठेवा. आडनाव कोणतंही चालेल.